कातातली मूठ कमरेकडे का जाते?

कराटेच्या वर्गात मुलांचा ‘हेइआन शोदान’ हा काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, पाहून एका पालकांनी विचारलं, “हवेत हात फिरवून स्वसंरक्षण कसं येणार?” प्रश्न रास्त आहे.

उत्तर ओकिनावात आहे. आन्को इतोसू यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाळकरी मुलांसाठी पिनान काता बसवले. गिचिन फुनाकोशी यांनी पुढे त्यांना हेइआन नाव दिलं. सामूहिक कवायतीत हालचाली टिकल्या, जोडीने करायचा सराव मात्र मागे पडला.

शोदानमधली चौथी हालचाल घ्या. पुढचा पाय मागे घेत हात ओढायचा आणि मुठीच्या कडेने वरून घाव घालायचा. आता कुणी त्याच हाताचं मनगट धरलंय असं समजा. पाय मागे येताच अंगाचं वजन ओढण्यात उतरतं. हात समोरच्याच्या अंगठ्याकडून सुटतो, कारण पकड तिथेच कच्ची असते. सुटलेला हातच मग घाव घालतो.

दुसऱ्या हाताची कमरेकडे जाणारी मूठही शोभेची नाही. समोरच्याचा हात किंवा बाही धरून ओढली, की त्याचा तोल जातो.

पण जोडीदार खरा विरोध करत नसेल, तर यातलं काहीच अंगवळणी पडत नाही. आधी सावकाश, मग जोर वाढवत. आणि सुटका होताच पळायचं, हेही सरावातच हवं.

कोणत्या कातातली कोणती हालचाल कोड्यात टाकते? जरूर विचारा.