रक्त चढवलं, तरी थकवा का?

समजा, तळवड्यातल्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणाऱ्या तरुणाला थॅलेसेमिया मेजर आहे. जिना चढताना धाप लागते, अंगात त्राण नसतं. घरचे म्हणतात, "बीट खा, लोहाच्या गोळ्या घे." नेमक्या याच गोळ्या त्याला घातक.

या आनुवंशिक आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळ्या नीट बनत नाहीत. बऱ्याच तांबड्या पेशी अस्थिमज्जेतच मरतात, म्हणून दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. पिंपरी कॅम्पात फाळणीनंतर वसलेल्या सिंधी समाजात याचे वाहक सरासरीपेक्षा जास्त. पण मराठी घरंही त्यातून सुटलेली नाहीत.

उपचाराआधी एक प्रश्न विचारायचा: थकवा येतो कधी?

रक्त चढवण्याच्या आधीच्या आठवड्यातच येत असेल, तर कारण बहुधा उतरलेलं हिमोग्लोबिन. चढवण्यापूर्वी ते साधारण ९.५ ते १०.५ ग्रॅम असावं. त्याखाली जात असेल, तर डॉक्टर दोन वेळांमधलं अंतर कमी करतात किंवा रक्ताचं प्रमाण वाढवतात.

रक्त चढवून दोन-तीन दिवस झाले तरी तरतरी नसेल, तर शोध दुसरीकडे घ्यायचा. रक्ताच्या एका पिशवीतून सुमारे २०० मिलिग्रॅम लोह अंगात जातं आणि शरीर दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅमच बाहेर टाकतं. उरलेलं हृदय, यकृत, थायरॉइड, स्वादुपिंडात साठतं आणि तिथून थकवा सुरू होतो. म्हणून लोहाचा साठा दाखवणाऱ्या फेरिटिनची तपासणी, हृदयाचा एमआरआय, थायरॉइड, साखर, ड जीवनसत्त्व हे सगळं पाहतात.

साठलेलं लोह काढायला डेफेरासिरॉक्ससारखी औषधं असतात. पाण्यात विरणारी गोळी असेल, तर ती ग्लासभर पाण्यात ढवळायची, उपाशीपोटी, रोज ठरावीक वेळी प्यायची; तळाशी राहिलेला गाळही थोडं पाणी घालून संपवायचा. अर्ध्या तासाने नाश्ता. पहाटेच्या पाळीमुळे हे जमत नसेल, तर डोस चुकवण्यापेक्षा डॉक्टरांकडून वेळ बदलून घ्यावी. गोळ्यांनी पोट बिघडलं म्हणून त्या मनाने बंद करू नयेत.

सोसेल इतकं चालणं आणि पुरेशी झोप यांनीही फरक पडतो. बसल्या जागी धाप, छातीत धडधड, पायांना सूज किंवा ताप आला, तर मात्र थकवा समजून घरी थांबू नये.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमियाचा समावेश आहे. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढून ठेवलं, तर या कायद्यातल्या सवलती मागता येतात.

पुढच्या भेटीला जाताना महिन्याभराची नोंद सोबत न्यावी: रक्त चढवल्याची तारीख, थकवा आलेले दिवस, चुकलेले डोस. उपचारात काय बदलायचं, हे ठरवायला डॉक्टरांना त्याची मदत होते.