डासाच्या पोटातील लढाई

कोळंबी बर्फाशिवाय काही तास पडून राहिली, की तिचे डोके काळे पडू लागते, हे जासईच्या गृहिणींना मी सांगावयास नको. कोळंबी शिळी झाली, असे आपण म्हणतो. पण तो काळेपणा ज्या द्रव्यामुळे येतो, ते कोळंबीच्या संरक्षणाचे हत्यार होय. जिवंतपणी तिच्या कवचाला जखम झाली, की तेथे अशीच काळी खपली धरते आणि आत शिरू पाहणारे जंतू कोंडले जातात. कीटक हे कोळंबीचे भाऊबंद. त्यांच्यापाशीही हेच हत्यार आहे.

आपल्याला एकदा गोवर येऊन गेला, की तो सहसा पुन्हा येत नाही. आपले रक्त त्या शत्रूची ओळख ठेवते आणि खास त्याच्यासाठी प्रतिद्रव्ये तयार करते. कीटकांना अशी प्रतिद्रव्ये नाहीत. मग घाणीत जन्मणारी माशी जगते कशी? खपलीखेरीज तिच्यापाशी जंतूंना गिळणाऱ्या पेशी असतात, आणि जंतुनाशक द्रव्येही असतात. असे एक द्रव्य स्वीडनमधील बोमान यांनी १९८१ साली एका पतंगाच्या कोशातून वेगळे केले. पुढे १९९६ साली फ्रान्समध्ये हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत असे आढळले, की ‘टोल’ नावाचे जनुक बिघडलेल्या माश्या साध्या बुरशीने मरतात. त्याच घराण्यातील एक जनुक उंदरांतही जंतूंचा सुगावा लावते, हे अमेरिकेत बॉइटलर यांनी १९९८ साली दाखविले. २०११ च्या नोबेल पारितोषिकात या दोघांचाही वाटा होता. माणसातही ही जनुके आहेत. म्हणजे माशीचे आणि आपले पूर्वज ५० कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी वेगळे झाले, तरी पहाऱ्याची ही जुनी सामग्री दोघांनीही जपली आहे.

आता डासाकडे वळू. हिवताप डासावाटे पसरतो, या शोधाचा निर्णायक पुरावा रोनाल्ड रॉस यांना १८९७ साली सिकंदराबादेस मिळाला. आपणास वाटते, डास हा हिवतापाचा दोस्त. वस्तुस्थिती निराळी आहे. रोग्याच्या रक्ताबरोबर पोटात आलेल्या जंतूंपैकी बहुतेक डासाच्या आतड्याची भिंत ओलांडण्यापूर्वी किंवा ओलांडताना मरतात. १९८६ साली कॉलिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकेतील डासांची निवड करीत करीत असा एक वाण तयार केला, की त्याच्या पोटात जंतू काळ्या आवरणात गुदमरून मरत.

मग सर्वच डास असे का झाले नाहीत? संरक्षणाला खर्च पडतो. काही आठवड्यांच्या आयुष्यात अंडी घालावयाची असताना तो नेहमीच परवडतो असे नाही. शिवाय शत्रूही स्वस्थ बसत नाही. आफ्रिकेतील हिवतापाचा जंतू आपल्या अंगावरील एका प्रथिनाच्या आधारे डासाच्या पहारेकऱ्यांना चकवतो, हे २०१३ साली उघड झाले. एकाने कुलूप बदलावे, दुसऱ्याने किल्ली घडवावी, असा हा लाखो वर्षांचा खेळ आहे.

या खेळात आपला संबंध येतो तो ॲनोफेलिस स्टीफन्सी या डासाशी. डॉ. बेंटली यांनी मुंबईतील हिवतापावर १९११ साली जो अहवाल दिला, त्यात विहिरींत वाढणाऱ्या याच डासावर बोट ठेवले होते. आज विहिरींच्या जोडीला इमारतींवरील टाक्या आणि बांधकामावर साठविलेले पाणी आले आहे. याच जातीच्या डासाची प्रतिकारशक्ती जनुकांत फेरफार करून वाढविता येते, हे २०११ साली अमेरिकेतील प्रयोगशाळेत दाखविण्यात आले. परंतु जंतू त्यावरही तोड काढील काय, हा प्रश्न उरतोच.

डासाच्या पोटात शंभरांपैकी एखादाच जंतू वाचला, तरी त्या एकापासून हजारो नवे निपजतात आणि साधारण १० ते १४ दिवसांत त्याच्या लाळेत येऊन पोहोचतात. डासाचे तेवढ्याने फारसे बिघडत नाही. आपले मात्र बिघडते. म्हणून त्याच्या पोटातील लढाईवर विसंबून न राहता टाकीवर घट्ट झाकण ठेवणे आणि साचलेले पाणी आठवड्यातून एकदा तरी उपसून टाकणे, हे आपल्याकडचे काम आहे.