घर विकताना मांजर कुठे ठेवायचं?

फ्लॅट विकायला काढला की ब्रोकर आठवड्याभरात माणसं आणू लागतो. वेळ ठरते अकराची, मंडळी येतात साडेबाराला, आणि एकटं कुणीच येत नाही. सोबत आईवडील, मुलं, कधी वास्तुशास्त्र सांगणाराही असतो. चपला काढायला सगळे उंबऱ्याशी रेंगाळतात, आणि तेवढा वेळ आतलं दार आणि बाहेरचं सेफ्टी डोअर, दोन्ही सताड उघडी. घरातच वाढलेल्या मांजराला सर्वांत मोठा धोका इथे आहे. आपण मात्र काळजी करतो ती टेम्पो येण्याच्या दिवसाची. त्याआधीचे महिने ‘दार लावून घ्या हं’ एवढ्यावर निभावून नेतो. या सूचनेचा काडीचा उपयोग नाही. गिऱ्हाइकाचं लक्ष भिंतीतल्या ओलीवर आणि कार्पेट एरियावर असतं, आणि ते तसंच असणार. त्याच्या शब्दावर विसंबण्यापेक्षा कडीवर विसंबावं: परका माणूस घरात असेपर्यंत मांजर आणि मुख्य दार यांच्यामध्ये आणखी एक बंद दार हवंच.

यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘आमची मनी दाराकडे फिरकतसुद्धा नाही, बेल वाजली की पलंगाखाली.’ रोजच्या दिवशी हे खरंच असतं. पण घर पाहायला आलेला माणूस पलंगाचं स्टोरेजही उघडून बघतो. लपायची जागा गेली की भ्यालेलं मांजर जिथे माणूस नाही तिकडे सुटतं, मग तो जिना असो की बाथरूमच्या लूव्हरच्या निसटलेल्या काचेतून दिसणारी डक्ट. हरवलेल्या मांजरांविषयी २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका परदेशी पाहणीत बाराशेहून अधिक जणांनी माहिती दिली होती. सापडलेल्यांपैकी तीन चतुर्थांश मांजरं निसटल्या जागेपासून ५०० मीटरांच्या आत मिळाली, आणि कधीच बाहेर न जाणारी तर त्याहून बरीच जवळ. म्हणजे शोध जिन्याखाली, पार्किंगमध्ये, डक्टच्या तळाशी घ्यायचा. पण यात फार दिलासा मानू नये. घाबरलेलं मांजर मालकाच्या हाकेलाही ओ देत नाही, आणि आपल्याकडे त्याच पार्किंगमध्ये भटकी कुत्री असतात. खिडक्यांचंही तेच. रंगकामासाठी किंवा ‘व्ह्यू’ मोकळा दिसावा म्हणून बाल्कनीची कबुतरजाळी काढली जाते. न्यूयॉर्कच्या एका पशुरुग्णालयात इमारतींवरून पडलेली १३२ मांजरं आली, त्यांतली सुमारे ९० टक्के वाचली, असा १९८७ सालचा अहवाल नेहमी सांगितला जातो. मात्र ती दवाखान्यापर्यंत पोचलेली मांजरं होती. जागीच मेलेली त्या हिशेबात कुठून येणार? घराचा ताबा देईपर्यंत जाळी काढू नये.

जास्त वजनदार आक्षेप असा, की गिऱ्हाइकाला सगळ्या खोल्या पाहायच्या असतात आणि कोंडलेलं मांजर बिथरतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणून लहान खोलीत लिटर ट्रे, पाणी आणि उघड्या तोंडाचं कॅरिअर ठेवावं. ती खोली दाखवायची पाळी आली की आधी घरच्या माणसाने आत जाऊन मांजर कॅरिअरमध्ये घालावं, वर चादर टाकावी आणि मगच दार उघडावं. हे कॅरिअर काही आठवडे आधीपासून घरात पडून असावं, नाहीतर ते दिसलं की मांजराला दवाखानाच आठवतो. लपायला मिळणं ही त्याची खरी गरज आहे. हॉलंडमधल्या एका निवारा केंद्रात नव्याने आलेल्या काही मांजरांना लपण्यासाठी खोकी दिली, तेव्हा खोकं मिळालेल्यांवरचा ताण पहिल्या दिवसांत स्पष्ट कमी दिसला. हा अभ्यास २०१४ चा. मग महिनाभर नातेवाइकांकडे का ठेवू नये? कारण तिथली दारं, खिडक्या आणि माणसं, तिन्ही त्याला अनोळखी. रंगकामाच्या चार दिवसांपुरतं ते ठीक. उलट ब्रोकरला पहिल्याच फोनवर सांगावं की भेटी शनिवार-रविवारी सलग लावा, आणि वॉचमनकडे किल्ली ठेवून घर दाखवायचं नाही. एखादं गिऱ्हाईक यामुळे खट्टू होईल, पण घर आवडलेला माणूस रविवारपर्यंत थांबतो.

राहिला वासाचा मुद्दा. मांजराच्या वासाने भाव पडेल या धास्तीने फरशीवर फिनाईल ओततात, कपाटात डांबरगोळ्या टाकतात, दिवाणखान्यात लिलीचा गुच्छ मांडतात. फिनॉलसारखी द्रव्यं निकामी करण्याची मांजराच्या यकृताची ताकद फार थोडी असते. ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटले तरी ती पोटात जातात. डांबरगोळ्याही विषारीच. अंगावर सांडलेल्या लिलीच्या परागांनीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. ट्रे दिवसातून दोनदा साफ केला आणि खिडक्या जाळीसकट उघड्या ठेवल्या, की वासाचा प्रश्न बहुतेक सुटतो.

टोकन मिळालं म्हणजे येणारी-जाणारी थांबली असं नाही. बँकेचा मूल्यमापक येतो, मापं घ्यायला सुतार येतो, शेवटी पॅकर्सवाले. तेव्हा ते बंद दार शेवटचं खोकं खाली जाईपर्यंत बंदच राहू द्या, मांजर सगळ्यात शेवटी न्या. पट्ट्यावर चालू फोन नंबर लिहा, तोही अडकला तर सुटणाऱ्या पट्ट्यावर. आणि मायक्रोचिप बसवली असेल तर तिच्या नोंदीतला पत्ता घर बदलण्याआधीच बदलून घ्या.