चड्डी ओली होते, ती खोड नव्हे

गेल्या बैठकीत हप्ते गोळा झाले, सह्या झाल्या, तरी एक जण उठेना. मग हळूच म्हणाली, "पोरगी सात वर्षांची झाली, तरी चड्डी ओली करते. काल मारलं मी तिला." आम्ही गप्प झालो. मारणारी ती एकटीच नव्हती.

पोरीशी बोललो तेव्हा कळलं, शाळेच्या संडासाला कडी नाही. दहाला गेलेली पोर पाचला घरी येईपर्यंत लघवी दाबून धरायची. रोज असं धरलं की लघवी अडवणारे स्नायू करायच्या वेळीही सैल पडत नाहीत. पिशवी पुरती रिकामी होत नाही. उरलेली लघवी गळते, तिच्यात जंतू वाढतात, जळजळ होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी विचारलं ते शौचाचं! आम्हाला नवल वाटलं. पण आतड्यात खडे साठले की त्यांचा दाब लघवीच्या पिशवीवर येतो. मग लघवीची तपासणी झाली. सोनोग्राफी दोनदा केली, पिशवी भरलेली असताना आणि लघवी करून आल्यावर. म्हणजे आत किती उरली ते दिसतं. दुखत काही नाही. आईला वही दिली: किती वाजता, मापाने किती, कधी ओली. वयात एक मिळवून 30 ने गुणलं की पिशवीत साधारण किती मिली मावते ते कळतं. सात वर्षांना 240. आपल्या व्याजापेक्षा सोपा हिशेब!

उपाय साधा, पण महिनोन्‌महिने करायचा. लागो न लागो, दर दोन-अडीच तासांनी जायचं. चड्डी पूर्ण खाली, पाय नीट टेकलेले, कुंथायचं नाही. झाल्यावर दोन मिनिटं थांबून पुन्हा करायची. शौचाचं औषध डॉक्टर सांगतील तेवढंच. आणि पाणी तोडायचं नाही, इथेच आपण बाया चुकतो.

मुलाची धार बारीक असेल, लघवी थेंबथेंब होत असेल, मुलगी दिवसभर सतत गळत असेल, लघवीच्या त्रासासोबत ताप असेल, कमरेखाली खळगा किंवा केसांचा पुंजका असेल, पायांत जोर नसेल, तर घरी थांबू नका. काही मुलांच्या मणक्यात जन्मतः दोष असतो. त्यांची पिशवी दिवसातून चार-पाचदा स्वच्छ नळीने रिकामी करावी लागते. दवाखान्यात शिकवतात, आया घरी करतात; किडन्या जपायच्या तर ते लागतंच.

मुख्याध्यापकांना विचारून गटाने शाळेत कडी बसवली. पोरीची वही चालू आहे. या आठवड्यात चड्डी दोनदाच ओली झाली.