पत्र्याचे छप्पर आणि हवेची वाट

गोव्यात कौलांच्या जागी पत्रे घालण्याचा प्रघात वाढत आहे. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी कौले परतण्यास जाणती माणसे मिळत नाहीत, माकडांच्या उड्यांनी कौले फुटतात आणि लाकूडही महाग झाले आहे. त्यामुळे ग्रामस्थ पत्र्याकडे वळतात, हे स्वाभाविक आहे. परंतु कौले काढताना एक गोष्ट बहुधा विसरली जाते. मंगळुरी कौलांच्या सांध्यांतून आतील उष्ण हवा आपोआप बाहेर जात असे. अखंड पत्र्यास असे सांधे नसतात. ही वाट बंद झाली म्हणजे दुपारी घर तापते आणि रात्री दमट हवा थंड पत्र्यास लागून त्याच्या खालच्या अंगास पाणी सुटते. ते पाणी ठिबकून वासे कुजतात. घरमालक मात्र छप्पर गळते असे समजून वरून डांबर फासतो. यास्तव हवेची वाट मुद्दाम ठेवावी लागते.

नेहमीचा नालीदार पत्रा वरून स्क्रू मारून बसवितात. स्क्रूखालील रबरी चकती उन्हाने कडक झाली की तेथून पाणी शिरते. उभ्या शिवणीच्या पत्र्याच्या कडा सुमारे २५ ते ५० मिलिमीटर वर दुमडून शेजारच्या पत्र्यात अडकवितात. पत्रा धरणाऱ्या पकडी शिवणीच्या आत राहतात. त्यामुळे पत्र्याच्या सपाट भागास भोके पडत नाहीत. ६ मीटर लांबीचा पोलादी पत्रा ४० अंश सेल्सिअसने तापला, तर सुमारे ३ मिलिमीटर वाढतो. अॅल्युमिनियमचा जवळजवळ दुप्पट. म्हणून पत्रा एका टोकास पक्का करून बाकीच्या पकडी सरकत्या ठेवाव्यात. दोन्ही टोके जखडल्यास पत्रा फुगतो.

कामाचा क्रम पुढीलप्रमाणे असावा :

(१) आढे, वासे व भिंतीवरील तुळया वाळवी व कुज यांसाठी तपासाव्यात. कौलारू छपराचा मूळ उतार कमी करू नये. गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, याचे भान ठेवावे.

(२) वाशांवर फळ्या ठोकून त्यांवर जलरोधक थर अंथरावा. त्यावर आढ्यापासून वळचणीपर्यंत, उताराच्या दिशेने, सुमारे ४० मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या ठोकाव्यात. या पट्ट्यांमधील पोकळी हीच हवेची वाट होय. त्यांवर आडव्या रिपा व रिपांवर पत्रे बसवावेत.

(३) पोकळीचे तोंड वळचणीस व आढ्यास, दोन्हीकडे, सलग उघडे ठेवावे. उष्ण हवा हलकी होऊन आढ्यातून निघते आणि तिच्या जागी वळचणीतून थंड हवा येते. एकच तोंड ठेवल्यास हवा खेळत नाही.

(४) दोन्ही तोंडांस गंज न धरणारी बारीक जाळी लावावी. आढ्यावरील टोपी दोन्ही बाजूंस पुरेशी खाली आणावी, म्हणजे वाऱ्याबरोबर येणारे पाणी आत शिरणार नाही.

(५) अर्धा मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन चौरस मीटरला केवळ ४ किलोग्रॅमच्या आसपास असते. कौले आपल्या भाराने टिकत. पत्रा पकडींनीच टिकतो. मे २०२१ मधील 'तौक्ते' चक्रीवादळात राज्यातील अनेक घरांची हानी झाली, हे विसरू नये. वाऱ्याचा उपसा कडांना व कोपऱ्यांना सर्वांत अधिक असतो. तेथे पकडी जवळजवळ घ्याव्यात आणि वासे भिंतीशी लोखंडी पट्ट्यांनी बांधावेत.

(६) समुद्रालगत साधा जस्ताचा पत्रा लवकर गंजतो. तेथे अॅल्युमिनियम-जस्त मिश्रणाचा मुलामा दिलेला किंवा अॅल्युमिनियमचा पत्रा घ्यावा. पत्र्यास तांब्याचा स्पर्श होऊ देऊ नये. कापताना पडलेला लोखंडाचा कीस त्याच दिवशी झाडून काढावा, अन्यथा तेथूनच गंज सुरू होतो.

हे सर्व काम मृग नक्षत्रापूर्वी संपवावे. ओल्या पत्र्यावर चढू नये आणि जवळून वीजवाहिनी जात असल्यास वीज खात्यास आगाऊ कळवावे.

काम नीट झाले की नाही हे पाहण्यास सोपा उपाय आहे. वारा पडलेल्या कडक उन्हाच्या दुपारी वळचणीच्या तोंडापाशी उदबत्ती धरावी. धूर आत ओढला गेला, तर वाट मोकळी आहे असे समजावे. तो जागीच रेंगाळला, तर कारागिरास देयक चुकते करण्यापूर्वी आढे पुन्हा उघडून पाहण्यास सांगावे. पत्र्याच्या छपराखाली भरणाऱ्या शाळांच्या शिक्षकांनीही ही परीक्षा अवश्य करून पाहावी.