१९३६ सालातलं २०३६

२१ फेब्रुवारी १९३६ रोजी लंडनमध्ये ‘थिंग्ज टु कम’ हा चित्रपट लागला. सव्वादोन महिन्यांनी, ३० एप्रिलला, गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले. यंत्रानं माणसाचं काय होणार, या एकाच प्रश्नाची इतकी वेगळी उत्तरं एकाच वर्षात पुढे यावीत, याचं मला फार नवल वाटतं.

एच. जी. वेल्सची मूळ कादंबरी १९३३ची. भविष्याचा इतिहासच तो, त्याला नायक कुठला असणार! पटकथेसाठी वेल्सनं कॅबल घराणं उभं केलं. पण ही माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, व्याख्यानं देतात.

विध्वंस मात्र काय दाखवलाय! १९४०चा नाताळ, दुकानांची रोषणाई, खरेदीची गर्दी आणि वरून बॉम्ब. प्रत्यक्षात ७ सप्टेंबर १९४०पासून लंडनवर खरोखरच बॉम्बवर्षाव सुरू झाला. चित्रपटात पुढे युद्ध संपता संपत नाही, साथ पसरते. पेट्रोल नाही म्हणून मोटार घोडा ओढतोय, विमानं जमिनीवर पडून आहेत. इथे एकही भाषण लागत नाही.

शेवटी २०३६मध्ये दोन तरुणांना तोफेतून चंद्राकडे डागतात. नळी एक किलोमीटर लांब धरली, तरी सेकंदाला ११ किलोमीटरचा वेग गाठताना ६० किलोच्या माणसावर सुमारे पावणेचारशे टनांचा भार येईल. जिवंत राहणं अशक्यच. अमेरिकी संशोधक गोडार्डचं द्रवइंधनाचं रॉकेट तर १९२६मध्येच उडालं होतं!

पण तोफेपेक्षा मोठी खोट वेगळी आहे. ‘ही प्रगती थांबवा’ असं थिओटोकोपुलस नावाचा शिल्पकार म्हणतो. वेल्स त्याच्या हाती लंबीचवडी वाक्यं देतो, मागे खवळलेला जमाव देतो, युक्तिवाद देत नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत मात्र १९३४पासून अखिल भारत ग्रामोद्योग संघ तेलघाणी, हातसडीचा तांदूळ, हातकागद यांवर प्रयोग करत होता. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेले जे. सी. कुमारप्पा तिथे यंत्र कोणाच्या हातचं काम काढून घेतं, याचा हिशेब मांडत होते. आंधळा यंत्रद्वेष हा नव्हेच. सेवाग्रामच्या आश्रमात टेलिफोनसुद्धा होता.

कुमारप्पांसारखा एक जरी माणूस वेल्सनं २०३६च्या पांढऱ्याशुभ्र भुयारी शहरात ठेवला असता, तर कॅबलच्या व्याख्यानांना तोडीस तोड उत्तर मिळालं असतं, आणि चित्रपटाचा उत्तरार्ध पूर्वार्धाइतकाच जिवंत झाला असता.