मण्यार व नाग यांच्या दंशातून उलगडणारे चेता-स्नायू सहकार्य

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिमेस बोरिवली आणि पूर्वेच्या बाजूस मुलुंड ही उपनगरे वसलेली आहेत. वस्ती जंगलाला भिडलेली असल्याने नाग व मण्यार हे विषारी साप घरांच्या आसपास येऊ शकतात. मण्यार निशाचर आहे. जमिनीवर झोपलेल्या माणसास तिचा दंश झाला तरी वेदना इतकी अल्प असते की तो पुष्कळदा लक्षातही येत नाही. खूण दिसत नाही म्हणजे विष भिनलेले नाही, हा समज म्हणूनच घातक ठरतो. काही तासांनी पापण्या मिटू लागतात, गिळणे कठीण होते आणि पुढे श्वसनाचे स्नायू थांबतात. वास्तविक मेंदू शाबूत असतो, स्नायूही शाबूत असतात. बिघाड होतो तो दोहोंमधील संधीत.

हालचालीचा आदेश मेंदूकडून मेरुरज्जूतील प्रेरक चेतापेशीकडे आणि तेथून तिच्या तंतूवाटे विद्युत्‌संदेशाच्या रूपाने स्नायूकडे जातो. डोळा फिरविणाऱ्या स्नायूत एका चेतापेशीच्या अधीन दहाच्या आसपास स्नायुतंतू असतात, तर पोटरीच्या स्नायूत हजाराहून अधिक. नजरेची अचूकता यामुळेच शक्य होते. परंतु चेतातंतू स्नायूस प्रत्यक्ष चिकटलेला नसतो. मध्ये सुमारे ५० नॅनोमीटरची फट असते. विद्युत्‌संदेश ती ओलांडू शकत नाही, म्हणून चेतातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन हे रसायन स्रवते व स्नायूवरील ग्राहकांना जाऊन मिळते. त्यासरशी स्नायुतंतूत नवा विद्युत्‌संदेश उमटतो, आतील साठ्यातून कॅल्शियम मुक्त होते, मायोसिनचे तंतू ॲक्टिनच्या तंतूंना ओढतात आणि स्नायू आखडतो.

नागाचे चेताविष हे ग्राहकच अडवून धरते. अशा वेळी प्रतिसर्पविषासोबत निओस्टिग्मिन दिल्यास ॲसिटिलकोलीनचे विघटन लांबते, त्याचे प्रमाण वाढते आणि पापण्या पुन्हा उघडू लागतात. मण्यारीच्या विषाचा मुख्य आघात मात्र चेतातंतूच्या टोकावर होतो. रसायन स्रवतच नसल्याने तेथे या औषधाचा फारसा उपयोग होत नाही. प्रतिसर्पविष रक्तातील मोकळे विष निष्प्रभ करते. नष्ट झालेली टोके त्याने परत येत नाहीत. ती नव्याने फुटून संधी जुळेपर्यंत कित्येक दिवस, प्रसंगी आठवडे, रुग्णास कृत्रिम श्वसनावर ठेवावे लागते. या काळात तो निश्चेष्ट दिसतो, बोलावल्यावर डोळे उघडत नाही. परंतु खाटेशेजारी चाललेले बोलणे त्यास ऐकू येत असू शकते.